वटीबाहेरचं फळ

जैतून, तुझ्या बसायच्या दगडावर आज सकाळी एक कुत्रं येऊन बसलं होतं. एरवी मी आतून तांब्याभर पाणी फेकलं असतं. आज नाही फेकलं. म्हटलं, बसू दे, कुणीतरी बसलेलं दिसतंय तरी. तू जाऊन आठ दिवस झाले. काल बाजार होता. आमच्या दुकानाच्या ओट्याखाली, पायरीच्या डाव्या अंगाला, तुझी तेवढी जागा मोकळीच राहिली. दोन बाया पाट्या घेऊन आल्या, थांबल्या, बघितलं आणि पुढं गेल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

तुला लिहितेय खरं, पण तुला वाचता कुठं येत होतं? मला तरी कोणत्या शाळेनं शिकवलं? दुसरीत शाळा सुटली. पुढचं सगळं शिकले ते पुड्या बांधायच्या रद्दीवर. तू म्हणायचीस, "वैनी वाचत बसली की गिऱ्हाइकाची साखर मुंग्या नेत्यात." पण ऐकायचीस तूच. मी वर ओट्यावर मोठ्यानं वाचायची आणि तू खाली जांब पुसत, डागाळलेली फळं बाजूला काढत ऐकायचीस. मधेच म्हणायचीस, "ह्ये खोटं हाय, म्होरचं वाच." आताही तसंच समज. मी वाचते, तू जांब पूस.

आपला पहिला तंटा आठवतो का? मी नवी नवरी होऊन नेकनूरला आले ते साल. श्रावणी सोमवार होता. मी ताटात भगर, शेंगदाण्याची आमटी, उकडलेलं रताळं असं घेऊन ओट्यावर बसले होते. तुझंही सासर नवं होतं, तुझ्या नवऱ्यानं तुला पाटी देऊन पहिल्यांदाच एकटीला बसवलं होतं. तू मान उंचावून माझ्या ताटात बघितलंस आणि विचारलंस, हे काय म्हणून. मी सांगितलं, फराळ. तू म्हणालीस, म्हणजे काय. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, आम्ही उपासाला फळं खाऊन राहतो. तू पुन्हा ताटात बघितलंस. "मग फळ कुटंय ह्यात?"

मला राग आला. इतका, की मी ताट उचलून आत गेले. आत बसून खरंच शोधलं गं मी, ताटात एकही फळ नव्हतं. पुढं कितीतरी वर्षांनी मला मागच्या गल्लीतल्या गुरुजींकडून कळलं की फराळ हा शब्दच मुळात फलाहार असा होता, फळांचा आहार. बोलता बोलता त्याचा फराळ झाला आणि आपण त्यातली फळं काढून साबुदाणा घातला. ते तुला सांगितलं तर तू एवढी हसलीस की पाटीतली बोरं सांडली. "चाळीस वरसांनी कबूल झालीस व्हय," म्हणालीस.

पुढच्या वर्षी तुझे रोजे आले. उन्हाचे दिवस. समोर टरबुजं कापून ठेवलेली, लालभडक, त्यांवर माशी बसू नये म्हणून तू दिवसभर फडकं हलवत होतीस आणि तुझे ओठ पांढरे पडलेले. लोक तुझ्यापुढं उभं राहून खात होते. मला राहवेना. मी विचारलं, तुला काही होत नाही का गं. तू म्हणालीस, "समोर हाय म्हनूनच तर रोजा हाय." त्या दिवशी मी माझ्या सोमवारची लाज वाटून घेतली. संध्याकाळी तू पहिला खजूर तोंडात घातलास आणि दुसरा माझ्याकडं वर केलास. तिथून आपलं जमलं.

आणि तुझं नाव. जैतून हे एका फळाचं नाव आहे, हे तुला ठाऊक होतं, पण ते फळ तू जन्मात पाहिलं नव्हतंस. गौरीनं, माझ्या नातीनं, कॉलेजात जायला लागल्यावर तुला मोबाइलवर त्याचं, ऑलिव्हचं, चित्र दाखवलं. तू चष्मा नाकावर ओढून बराच वेळ बघितलंस. "एवढंच व्हय? ही तर बोरं हायेत. अब्बानं बोरीच नाव ठिवलं असतं, निदान डोंगरात भेटलं तरी असतं."

फळ म्हणजे काय यावरून आपण किती भांडलो. वांगं फळ की भाजी? टमाटा? मिरची? मी म्हणायची, गोड ते फळ. तू म्हणायचीस, मग लिंबू काय केलं गं तुझं? मी म्हणायची, कच्चं खातो ते फळ. तू म्हणायचीस, मुळा बी कच्चा खातीस की. एकदा तू कंटाळलीस आणि तुझं तू सांगून टाकलंस. ते मी वहीत लिहून ठेवलंय, रद्दीतल्या कोऱ्या बाजूंची शिवलेली माझी वही, त्यात पहिल्या पानावर आहे. तू म्हणालीस, "जे आपून तोडतो ती भाजी. जे टायमाला आपलं आपून देठाचं सुटतं, ते फळ. बाकी वाद तुझा."

मी वाद सोडला नाही. वहीत शब्द गोळा करायचा मला नादच लागला. श्रीफळ, बेलफळ, रामफळ, बाळाच्या घुटीतलं जायफळ. कहाणीच्या शेवटी म्हणायचं ते सुफळ संपूर्ण. पोरांच्या गणितातलं क्षेत्रफळ. पंचांगात ग्रहांचं फळ. आणि केल्याचं फळ, ते तर कुणालाच चुकत नाही. तू म्हणायचीस तुमच्याकडं मेवा म्हणतात, मौलवीसाब समर म्हणतात. आमच्या दुकानात मात्र मेवा म्हणजे डब्यातलं वाळलेलं, बेदाणा नि काजू. तू म्हणायचीस, "तुमी वाळवून वाळवून शब्द बी वाळवला."

त्या गुरुजींकडं जाडजूड शब्दकोश होता. शाळेतून निवृत्त झाले होते, त्यांनाही कुणी विचारायला हवंच होतं. त्यांनी सांगितलं, फळ या शब्दाचं मूळ फार जुनं आहे, संस्कृतातलं, आणि त्याचा अर्थ फुटणं, उकलणं. आतून भरत आलं, की जे फुटतं ते फळ. नांगराचा फाळ जमीन फाडतो, तोही त्याच घरातला असावा म्हणाले. जाणकारांचं त्यावर एकमत नाही असंही म्हणाले, गुरुजी खोटं बोलायचे नाहीत. मी पळत तुला सांगायला आले. तू सीताफळं मांडत होतीस. एक पिकून आपोआप उकललेलं होतं, ते उचलून माझ्यापुढं धरलंस. "ह्ये बघ तुझ्या गुरुजीचा शब्दकोश."

आणि गौरीनं इंग्रजीतलं शोधून आणलं. त्यांचा जो फ्रूट शब्द आहे, आता सगळ्या गाड्यांवर लिहितात तो, तो म्हणे रोमच्या जुन्या भाषेतून आला आणि तिथं त्याचं मूळ म्हणजे सुख घेणं, चाखणं, आनंदानं उपभोगणं. तू विचार केलास थोडा. मग म्हणालीस, "इकनारीला काय म्हनतेत मंग? तिला तर चाखाया बी मिळत न्हाई." गौरी हसली. मी नाही हसले. तू ते फळांबद्दल बोलत नव्हतीस हे मला कळलं होतं. तुला कळलं का, की मला कळलं?

आता ते सांगायला हवं. इतकी पानं मी शब्दांच्या मागं लपून काढली, तुझ्यापुढंही असंच करायची.

माझ्या वहीत एक शब्द मी कधी लिहिला नाही. सासूबाई तो सहज वापरायच्या. तुझ्या पाटीकडं बघून म्हणायच्या, दिवसभर फळात बसती आन् सोता निष्फळ. तू खाली असायचीस, ओटा काही फार उंच नाही. तुला पोर झालं नाही. तुझ्या नवऱ्यानं कधी तुला बोल लावला नाही, भावाचा पोरगा आणून वाढवलास, त्याला मिशा फुटल्या, लग्न झालं. तरी गावाला तो एकच शब्द पुरत होता.

सुमनचा सातवा महिना होता. माझी एकुलती लेक, तुला मावशी म्हणायची, तुझ्या मांडीवर बसून जांबं खात मोठी झालेली. दसरा नुकताच झालेला, बालाघाटातनं सीताफळ उतरायला लागलं होतं. तिची वटी भरायच्या पाच फळांची जबाबदारी तू आपणहून घेतलीस. केळं, डाळिंब, मोसंबी, जांब आणि सीताफळ. आठ दिवस निवडत होतीस. एकावर डाग नको, एकाचा देठ तुटका नको. सीताफळ तर असं हेरून झाडावरनं उतरवलंस आणि गवतात घातलंस, की त्याचे डोळे बरोबर त्या दिवशी उघडावेत. फळं माझ्या हवाली करताना पदराला हात पुसलेस आणि म्हणालीस, "वैनी, त्यातलं एक मी घालू का तिच्या वटीत? माझ्या हातानं?"

तू त्याआधी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतंस.

मी म्हटलं, ये की. लगेच म्हटलं, आणि त्या घडीला ते खरं होतं.

सासूबाईंना सांगितलं तर त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या. जिची कूस फळली नाही तिचा हात वटीला लागायला नको, एवढंच म्हणाल्या. तू मुसलमान म्हणून नव्हे बरं का. तसं असतं तर मी त्यांच्यावर ढकलून मोकळी झाले असते. सुमनला हिरवा चुडा भरायला आलेली चुडीवाली तुमच्यातलीच होती, तिला चार पोरं, तिला सासूबाईंनी पाटावर बसवून वटी भरायला लावली. मी तुझी बाजू घेतली नाही. पहिलंवहिलं बाळंतपण, काही कमीजास्त झालं तर आयुष्यभर माझ्या माथी येईल, अशी भीती माझ्याही पोटात होतीच. ती मी मान्य करते. सगळं सासूबाईंचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, किती वाजता. मुहूर्त अकराचा होता. मी म्हटलं, तीनला ये.

सासूबाईंनी फक्त नको म्हटलं होतं. तीन मी म्हटलं.

तू तीनला आलीस. बरोबर तीनला. ईदची पोपटी साडी, केसांना तेल, आणि हात लिंबानं घासून घासून गोरे केलेले. फळांचा चीक तुझ्या बोटांच्या पेरांत काळा बसलेला असायचा, तो तू त्या दिवशी काढून आली होतीस. पदरात एक सीताफळ, माझ्याकडं दिलेल्या पाचांहून मोठं, स्वतःच्या हातासाठी वेगळं राखलेलं. आत येऊन बघितलंस. सुमनच्या डोक्यातली फुलं मलूल झाली होती. मागं पातेली घासल्याचा आवाज येत होता. जमिनीवर वटीचे तांदळाचे दाणे सांडलेले होते, चारदोन, कुणाच्यातरी पायाखाली आलेले. तू ते दाणे बघितलेस. मी तुला ते बघताना बघितलं.

"लई ग्वाड दिसती पोरगी," तू म्हणालीस.

मी म्हटलं, मुहूर्त ऐनवेळी अलीकडं निघाला. तू म्हणालीस, आसं व्हय. मग ते सीताफळ तू उंबऱ्याच्या आत, भिंतीशी ठेवलंस. सुमनच्या पदराकडं हात नेला नाहीस. जेवलीस, पुरणाला नावाजलंस, भाच्यासाठी दोन पोळ्या बांधून मागितल्यास. मला वाटलं, सुटले.

तू गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, ते शेळीला टाक. मी टाकलं नाही. कोठीत नेऊन ठेवलं. दिवेलागणीला सुमन कोठीत गेली, बाहेर आली ती फळ हातात घेऊन. मागच्या पायरीवर बसली आणि अख्खं सीताफळ एकटीनं खाल्लं. बिया पदरात टाकत, बोटं चाटत, लहानपणी खायची तशी. महिनाभर तिला अन्नावर वासना नव्हती गं. मला म्हणाली, "मावशीचं हाय ना ह्ये? मंग वटीत कावून न्हाई घातलं?" मी म्हटलं, खा गपचीप.

साल मात्र मी शेळीपुढं टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी तू आमच्या मागच्या दारावरनं गेलीस, शेळीपुढं तुझ्या सीताफळाची साल पडलेली दिसली, तू एक पाऊल थांबलीस आणि पुढं गेलीस. मला हाक मारून सांगता आलं असतं. अगं, शेळीनं नव्हे, सुमननं खाल्लं. पण तेवढं सांगायचं तर वटी कधी भरली तेही सांगावं लागलं असतं. मी चुलीत फुंकर घालत राहिले.

पौषात गौरी झाली. धडधाकट. तू तिच्यासाठी जायफळ आणून दिलंस, घुटीला.

पुढं सासूबाई गेल्या. त्यांच्यामागं काही वर्षांनी आमच्या आळीतल्या बायांची काशीची ट्रॅव्हल्स निघाली, मीही गेले. तिथं एक फळ आणि एक भाजी सोडून यायची असते, जन्मभर पुन्हा खायची नाही. सगळ्यात आवडीचं सोडावं म्हणतात. तुला मी आल्यावर नकला करून सांगितलं होतं, बाया किती लबाड असतात ते. एकीनं सफरचंद सोडलं, कारण तिला दातच नव्हते. एकीनं किवी सोडलं, जे तिनं एकदाच दवाखान्यात दुसऱ्याच्या टेबलावर पाहिलं होतं. मी मात्र गंगेत उभी राहिले, डोळे मिटले आणि सीताफळ सोडलं. तिथं पाण्यात उभी असताना मला वाटलं, हे झालं माझं प्रायश्चित्त. तुझ्याकडनं घ्यायची माफी मी महादेवाकडनं परभारे घेतली.

परत आले तेव्हा हंगाम लागला होता. तू माझ्यासाठी पहिलं सीताफळ पाटीच्या तळाशी झाकून ठेवलं होतंस, दरसालासारखं. फडकं काढून वर केलंस. मी म्हटलं, मी सोडलं गं काशीला.

तुझा हात तसाच वर राहिला. "कावून?"

"आवडीचं सोडायचं असतं."

"शंभर फळं हायेत दुनियेत. माझ्याच पाटीतलं सोडाया गावलं?" मग खालच्या आवाजात म्हणालीस, "आवडीचं माणूस बी सोडतेत का तुमच्यात?"

तेव्हा बोलायचं होतं मी. तुझं फळ मी टाकलं नाही जैतून, तुझ्यापायी टाकलंय, म्हणून सांगायचं होतं. पण तू रागावलीस याचाच मला राग आला. एवढं मोठं सोडून आले आणि हिला किंमत नाही. तो अख्खा हंगाम तू पायरीच्या उजव्या अंगाला बसलीस, माझ्याकडं पाठ करून. सीताफळ संपून जांबं आली तेव्हा परत डाव्या अंगाला आलीस. आपल्यात कधी कुणी काही बोललंच नाही.

आणि तरी तू विचारत राहिलीस. आता मला ते एक एक आठवतं. गल्लीत कुणाची वटी असली की तू म्हणायचीस, "वैनी, तुमच्यात वटी सकाळी भरतेत का दुपारी?" मी म्हणायची, ज्याच्या त्याच्या घरावर असतं. तू मान हलवायचीस आणि फळं पुसायला लागायचीस. मला वाटायचं, हिला विसर पडतो.

तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा मी रोज येऊन बसत होते. छातीत घरघर, बोलताना धाप. शेवटच्या दिवशी दुपारी शाहीन, तुझ्या भाच्याची बायको, चहा करायला आत गेली आणि आपण दोघीच होतो. तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "बोल की काई तरी वैनी."

मी काय बोलले, ठाऊक आहे ना? मी तुला गुरुजींच्या शब्दकोशातलं सांगत बसले. नवीन शब्द सापडलाय म्हटलं, फलश्रुती, पोथीच्या शेवटी असते ती, ऐकल्याचं फळ काय मिळेल ते सांगणारी. तू डोळे मिटून ऐकलंस. शेवटी म्हणालीस, "एवढंच?"

मी म्हटलं, एवढंच. उद्या सांगते बाकीचं.

उद्या तुझा जनाजा उठला. बायांना पुढं जाता येत नाही, मी दारातच उभी राहिले.

तिसऱ्या दिवशी तुझी जियारत झाली. फातेहा दिलेली फळं शाहीननं घरोघर वाटली. आमच्याकडं ताट घेऊन आली, केळी, सफरचंद, आणि बाजूला फडक्यात गुंडाळलेलं एक सीताफळ. टणक होतं अजून, पिकायला चारपाच दिवस लागणारं. म्हणाली, "फुप्पीनं पडल्या पडल्या सांगून गवतात घालाय लावलतं. ह्ये वैनीचं म्हनली."

मी म्हटलं, अगं मी सीताफळ सोडलंय, तिला ठाऊक होतं की.

"म्हाईत होतं तिला. तरी दे म्हनली."

आणि मग मला आवरलं नाही. तुला वीस वर्षांत सांगितलं नाही ते मी त्या पोरीला दारात उभं राहून सांगितलं. वटी अकराला भरलती, तीनला नाही. फळ शेळीनं नाही खाल्लं. सगळं. शाहीन ताट हातात धरून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. संपल्यावर म्हणाली, "तिला ठावं होतं काकू."

"काय ठावं होतं?"

"समदं. सुमनताईनं दुसऱ्या दिसालाच सांगितलतं तिला. वटी कवा भरली ते बी, आन् फळ कुणी खाल्लं ते बी."

मी उंबऱ्यावर बसले. विचारलं, मग ती मला कधी बोलली का नाही? शाहीननं ताट खाली ठेवलं. म्हणाली, मी बी इचारलं होतं एकदा. "म्हनली, वैनीचं अजून देठाला हाय. आपून तोडायचं न्हाई. सुटंल तवा सुटंल."

वीस वर्षं, जैतून. सकाळी भरतेत का दुपारी. कावून सोडलंस. बोल की काई तरी. एवढंच? तू दरवेळी खाली पदर धरून उभी होतीस आणि मी वर घट्ट धरून बसले होते. सुमनला फोन करून विचारलं, तर ती रडायला लागली. म्हणाली, मावशीनं शपथ घातली होती, आईला कळू देऊ नको म्हणून, ती बिचारी लाजंल.

ते सीताफळ मी देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवलं होतं. गौरी म्हणाली, आजी, तू खा, देव काही म्हणणार नाही. मी नाही खाल्लं. काशीची आण राहू दे बाजूला. खाल्लं असतं तर मला वाटलं असतं, मिटलं. मिटलेलं नाही. आज सकाळी बघितलं तर ते आपोआप उकललंय, गुरुजींनी सांगितलं होतं तसं, आणि आतला पांढरा गर दिसतोय. खोलीभर वास सुटलाय. त्या वासात बसून लिहितेय.

तर ऐक. अकराला भरली वटी. चुडीवालीनं भरली, शेजारणींनी भरली, मी भरली. तुला तीन मी सांगितलं, आणि जाणूनबुजून सांगितलं. तुझं फळ सुमननं खाल्लं, अख्खं, पायरीवर बसून, आणि गौरी तेव्हा तिच्या पोटात होती.

एवढंच होतं, जैतून. सुटलं. तुझ्या दगडावर अजून ते कुत्रंच बसलंय.